कलम एकोणचाळीस कोणासाठी आहे?



व्यसनाधीन माणसाला न्यायालयाने तुरुंगात पाठवावे की दवाखान्यात, हा प्रश्न आपल्या घराबाहेरचा आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी हा लेख अवश्य वाचावा. ज्यांच्या घरात तो प्रश्न आधीच शिरलेला आहे, त्यांनी तर तो शेजाऱ्यालाही वाचून दाखवावा. कारण ज्या वस्तीत दाटीने माणसे राहतात, जेथे तरुण मुलाला बसायला ओसरी नाही आणि करायला काम नाही, त्याच वस्तीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी राहते. बंगल्यातील मुलगा गांजा ओढतो तो बंद दाराआड. झोपडीतील मुलगा ओढतो तो पुलाखाली. कायदा दोघांना एकच असला तरी पोलिसांचा हात पुलाखालीच आधी पोहोचतो.

म्हणून हा प्रश्न दयेचा नसून हक्काचा आहे, ही गोष्ट आरंभीच पक्की ध्यानात घ्या. दया मागणारा दारात उभा राहतो. हक्क मागणाऱ्याला कायद्याचे कलम ठाऊक असावे लागते. ते कलम कोणते, ते आज आपण पाहू.

आपल्या देशात गांजा, चरस, अफू, ब्राऊन शुगर इत्यादी पदार्थांविषयीचा मुख्य कायदा म्हणजे गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. बोलताना लोक त्याला ‘एनडीपीएस’ म्हणतात. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो अमलात आहे. त्याचे नाव काढले की मोठमोठ्या तस्करांच्या दहा-वीस वर्षांच्या शिक्षाच लोकांच्या डोळ्यांपुढे येतात. परंतु याच कायद्याचे २७ वे कलम तस्कराविषयी नाही; ते स्वतः सेवन करणाऱ्याविषयी आहे. ब्राऊन शुगर, मॉर्फिन, कोकेन यांच्या सेवनाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इतर पदार्थांच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय २००१ सालापासून कायद्याने ‘अल्प प्रमाण’ ठरवून दिले आहे. ब्राऊन शुगरचे पाच ग्रॅम, चरसाचे शंभर ग्रॅम आणि गांजाचा एक किलो, ही त्याची मर्यादा होय.

आता पुढचे नीट वाचा. याच कायद्याचे ३९ वे कलम असे सांगते की, कलम २७ खाली किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याखाली दोषी ठरलेला मनुष्य व्यसनाधीन असेल, तर न्यायालयाने त्याचे वय, वर्तन, पूर्वेतिहास आणि शरीर-मनाची अवस्था पाहावी. आणि योग्य वाटल्यास त्याला लगेच कैदेची शिक्षा न देता, त्याच्या संमतीने, शासनाच्या अथवा शासनमान्य रुग्णालयात उपचार घेण्यासाठी मुचलक्यावर मोकळे करावे. उपचाराचे फळ काय झाले त्याचा अहवाल जास्तीत जास्त एका वर्षात न्यायालयापुढे यावा. तो समाधानकारक असेल तर समज देऊन, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या मुचलक्यावर, त्याला सोडून देता येते. कायद्यात आणखी एक कलम आहे, ६४-अ. ज्या व्यसनाधीनावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप आहे, तो आपण होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला व त्याने तो पुरा केला, तर त्या आरोपाबद्दल त्याच्यावर खटलाच चालू शकत नाही.

वाचकहो, ही दोन्ही कलमे तुम्हांला कोणी कधी सांगितली होती काय? पोलीस ठाण्यात सांगितली? कोर्टाच्या व्हरांड्यात काळ्या कोटातल्या कोणी सांगितली? उत्तर तुमचे तुम्हांला ठाऊक आहे.

कायद्यात दार आहे, परंतु त्या दारातून जाते कोण? विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांत २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत निकाली निघालेल्या अशा खटल्यांचा अभ्यास केला. खटले दहा हजारांहून अधिक होते. जवळजवळ सगळेच्या सगळे स्वतः सेवन करणाऱ्यांवरचे होते आणि त्यांतही गांजाचे फार. आरोपींनी गुन्हा कबूल केला आणि खटले संपले. त्याच संस्थेने पंजाबातील २०१३ ते २०१५ या काळातील निकाल तपासून २०१८ साली अहवाल काढला. ज्या पंजाबच्या व्यसनाविषयी सारा देश हळहळतो, त्या पंजाबात न्यायालयाने उपचारासाठी पाठविलेला एकही व्यसनाधीन अभ्यासकांना त्या निकालांत आढळला नाही. एकही नाही! पुस्तकात कलम छापलेले, दवाखान्याच्या दारावर पाटी लावलेली आणि मधला रस्ता निर्मनुष्य, अशी ही अवस्था आहे.

असे का होते, याचा उलगडा कठीण नाही. हातावर पोट असलेला बिगारी पकडला जातो. त्याला कोणीतरी सांगते, “कबूल कर, दंड भर आणि घरी जा, उगाच तारखा कशाला?” एका तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते. तो कबूल करतो. कलम ३९ हे कैदेच्या ऐवजी आहे. दंडावर भागले की उपचाराचा प्रश्नच कोणी काढत नाही. दंडाचे पैसे कोठून येतात? बायकोच्या मणीमंगळसूत्रातून किंवा आईच्या बचतगटातून. रोग अंगात तसाच राहतो, घर आणखी कर्जात जाते आणि नावावर एक शिक्षा चढते. पुढल्या वेळी तोच मुलगा तेथेच सापडला की तो ‘सराईत’ होतो. ज्याला आपण न्याय म्हणतो, तो येथे रोग्याकडून वसूल केलेली पट्टी होऊन बसला आहे.

ज्यांना कैद होते, त्यांचे काय? दारूची जुनी सवय असलेल्या माणसाची दारू एकाएकी तुटली तर त्याला झटके येतात, भ्रम होतो आणि औषध न मिळाल्यास तो दगावूही शकतो. ब्राऊन शुगरवाल्याला कोठडीत हाडे मोडल्यासारख्या वेदना होतात, उलट्या होतात, झोप उडते. याला लोक ‘नाटक’ म्हणतात. पुढे काही महिने तुरुंगात काढून तो बाहेर येतो तेव्हा त्याच्या शरीराची पूर्वीची सोसण्याची शक्ती उतरलेली असते. तो पूर्वीच्याच मापाने घेतो आणि त्यातच मरतो. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे अशा माणसाला सर्वांत धोक्याचे असतात, ही वैद्यकशास्त्राला चांगली ठाऊक असलेली गोष्ट आहे. मग “तुरुंगात टाका म्हणजे शुद्धीवर येईल” असे म्हणणाऱ्यांनी हे मरण कोणाच्या खात्यावर मांडायचे ते सांगावे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. हा पक्ष म्हणतो, “ठीक आहे, तुरुंग नको, पण संमती कशाला विचारता? व्यसनी मनुष्य कधी हो म्हणेल काय? हातपाय बांधून न्या, सहा महिने कोंडा, म्हणजे सुधारेल.” हे बोलणारे बहुधा दुष्ट नसतात. पुष्कळदा तो मुलाच्या पायी खचलेला बापच असतो. त्याचे दुःख आम्ही जाणतो; त्याचा उपाय मात्र आम्हांला मान्य नाही.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात एकेकाळी व्यसनाधीन असणे हाच गुन्हा होता. रॉबिन्सन नावाच्या माणसाला त्यासाठी नव्वद दिवसांची कैद झाली. १९६२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा क्रूर ठरवून रद्द केली. व्यसन हा आजार आहे आणि आजारी असण्याबद्दल कोणाला गुन्हेगार ठरविता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. तथापि, त्याच निर्णयात सक्तीच्या उपचाराला वाव ठेवलेला होता. तेव्हापासून जगभर हा वाद चालू आहे. आशियातील अनेक देशांनी व्यसनाधीनांना कोंडण्यासाठी ‘पुनर्वसन’ या गोड नावाखाली छावण्या उभारल्या. २०१२ च्या मार्च महिन्यात संयुक्त राष्ट्रसंघाच्या बारा संस्थांनी एकत्र निवेदन काढून अशा सक्तीच्या छावण्या बंद करा, असे त्या देशांना सांगितले. त्यांची कारणे दोन होती. कोंडल्याने व्यसन सुटते याचा विश्वासार्ह पुरावा नाही, आणि त्या भिंतींआड माणसाच्या शरीराची व अब्रूची विटंबना होते.

दूर कशाला जावे? आपल्याकडेही परवाना नसलेली ‘व्यसनमुक्ती केंद्रे’ निघतात. तेथे नेण्यासाठी रात्री चार धटिंगण घरी येतात, मुलाला उचलतात, डोके भादरतात, साखळीने बांधतात, मारतात आणि या सगळ्याचे पैसे आईबापांकडून घेतात. लक्षात ठेवा, मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याने दारू व मादक पदार्थांच्या दुरुपयोगातून होणाऱ्या मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत. त्याच कायद्याने रुग्णाला कोणत्याही रीतीने साखळदंड घालण्यास मनाई केली आहे आणि सक्तीने मुंडण करण्यासही मनाई केली आहे. ज्यांच्या पूर्वजांच्या अंगावर दुसऱ्यांनी आपल्या मर्जीच्या खुणा लादल्या, त्यांनी आपल्याच लेकराच्या पायात पैसे मोजून साखळी घालून घ्यावी, याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती?

यावर कोणी विचारील, “तुरुंग की दवाखाना असे विचारले तर ती खरी संमती कशी? भीतीपोटी कोणीही हो म्हणेल.” आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देण्याचे कारण नाही. न्यायालयात दिलेली संमती पूर्ण मोकळी नसते. परंतु म्हणून ती काढून टाकावी हा निष्कर्ष उफराटा आहे. संमती अपुरी असेल तर ती पुरी करा. वकिलाने माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगावे. उपचार कोणता, किती दिवसांचा, घरी राहून की रुग्णालयात, हे डॉक्टराने सांगावे. आणि नाही म्हणण्याचा त्याचा अधिकार शाबूत ठेवावा. ज्याला ‘नाही’ म्हणता येते त्याच्याच ‘हो’ला किंमत असते.

आपल्या वाचकांना हे तत्त्व परके नाही. आपण जे पंचशील घेतले, त्याचे पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. आणि १९५६ साली नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतही मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. परंतु ते शील म्हणजे कोणाचा हुकूम नव्हे. ते प्रत्येकाने आपल्या तोंडाने उच्चारून आपणहून अंगीकारायचे असते, आणि ते मोडले तर पुन्हा घेता येते. काही घरांतून हल्ली निराळाच सूर ऐकू येतो. “पोरगा शील मोडून बसला, त्याने समाजाचे नाव घालविले, त्याला वंदनेला बसू देऊ नका, लग्नकार्यात बोलावू नका.” बंधूंनो, ही भाषा कोणाची आहे? वेशीबाहेर ठेवणाऱ्यांची ही भाषा आपल्या तोंडी कशी आली? बहिष्कार म्हणजे काय ते ज्यांनी भोगले, त्यांनी रोग्यावर बहिष्कार घालू नये. शिवाय हा बहिष्कार निरुपयोगीही आहे. कारण घराने टाकलेल्या मुलाला विकणाऱ्याखेरीज दुसरा कोणी जवळ करीत नाही.

आता शासनाकडे वळू. संविधानाचे ४७ वे कलम शासनाला दोन गोष्टी एका श्वासात सांगते: सार्वजनिक आरोग्य सुधारा आणि मादक पदार्थांच्या सेवनाला बंदी करण्याचा प्रयत्न करा. शासनाने दुसरी गोष्ट पोलिसांवर सोपविली आणि पहिली जवळजवळ विसरून गेले. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळालेला होता. आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला तर एकशे ऐंशींत एक. इतर मादक पदार्थांच्या बाबतीत हे प्रमाण वीसात एक होते. न्यायाधीशाने उद्या प्रत्येक व्यसनाधीनाला दवाखान्यात पाठवायचे ठरविले, तरी दवाखाना कोठे आहे? खाट कोठे आहे? औषध कोठे आहे?

गुन्हेगारांच्या परिवीक्षेचा १९५८ चा कायदा न्यायालयाला अशी मुभा देतो की, अपराध्याला देखरेखीखाली मोकळे करताना मादक पदार्थांपासून दूर राहण्याची अट घालावी. अट घालणे सोपे आहे. तिला शाईचे चार थेंब पुरतात. परंतु अट म्हणजे औषध नव्हे. तापकऱ्याला “पुन्हा ताप आला तर आत टाकीन” असे बजावणाऱ्याला आपण न्यायी म्हणू काय?

याच ठिकाणी कलम ६४-अ चा दोष दाखविणे भाग आहे. उपचार अर्धवट सुटला तर खटल्यापासूनचे संरक्षण काढून घेता येते, असे ते कलम सांगते. व्यसन हा असा आजार आहे की त्यात घसरण होते. मनुष्य सावरतो, घसरतो आणि पुन्हा सावरतो. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून डॉक्टर पोलिसाला बोलावीत नाही, औषध बदलतो. ब्राऊन शुगरच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधे दीर्घकाळ देतात; ती घेणारा मनुष्य कामावर जातो, घर चालवितो. ‘पूर्ण उपचार’ म्हणजे सारी औषधे बंद, असा अर्थ कोणी न्यायालयात लावला, तर बरा होत आलेला मनुष्य पुन्हा आरोपी ठरेल. म्हणून न्यायालयापुढे जायचा अहवाल उपचाराचा असावा. तो शुचितेचा दाखला नसावा.

तसेच कलम ३९ चे दार माणूस दोषी ठरल्यावर उघडते. आधी गुन्हेगाराचा शिक्का, मग रोग्याची खाट, हा क्रम उलटा आहे. पोर्तुगालने २००१ साली अल्प प्रमाणाचे सेवन फौजदारी कायद्यातून काढले आणि अशा माणसाला न्यायालयाऐवजी तीन सदस्यांच्या समितीपुढे नेण्याची रीत घातली. ती समिती आरोग्य खात्याशी जोडलेली आहे. पदार्थ तेथेही बंदच आहेत, विकणाराला तेथेही तुरुंगच आहे. परंतु रोगी आणि विक्रेता यांना एकाच पिंजऱ्यात उभे करण्याचे तेथे थांबले. आपल्या कायदेमंडळाने हे का करू नये, हे विचारण्याचा अधिकार मत देणाऱ्या प्रत्येकाला आहे.

परंतु कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. आज जे हाती आहे ते वापरायचे. पोलिसांनी घरातील कोणाला धरले, तर पहिली गोष्ट ही की, कोणाच्याही सांगण्यावरून घाईने गुन्हा कबूल करू देऊ नका. दुसरी, मोफत वकील मागा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याच्या १२ व्या कलमाप्रमाणे अटकेत असलेल्या प्रत्येकाला, प्रत्येक स्त्रीला आणि अनुसूचित जातीच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर त्या जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीत धरले जाते. तेव्हा धर्मांतराचे कारण सांगून कोणी परत पाठवू लागला, तर त्याला १९९० ची आठवण द्या. विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. तिसरी, वकिलाला दोन आकडे सांगा: ३९ आणि ६४-अ. उपचार सुरू असेल तर केसपेपर, चिठ्ठ्या व दाखल्याचे कागद जपून ठेवा. न्यायालयात तोंडापेक्षा कागद बोलतो. चौथी, केंद्र निवडताना नोंदणीचा दाखला मागा, डॉक्टर कोण ते विचारा आणि रुग्णाला भेटू देत नसतील तर तेथून बाहेर पडा. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा शासनाचा मोफत क्रमांक आहे. मारझोड व साखळ्यांवाचून व्यसन सोडविता येते, हे पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ पासून दाखवून दिले आहे. ते कोठे तरी परदेशातच घडते, असे कोणी सांगू लागला तर त्याला पुण्याचा पत्ता द्या.

याशिवाय एक काम सगळ्यांनी मिळून करायचे आहे. ज्या विहारात आपण रविवारी जमतो, तेथे तालुका विधी सेवा समितीच्या वकिलाला एक दिवस बोलवा आणि ही कलमे सर्वांसमक्ष समजावून घ्या. जिल्हा रुग्णालयात व्यसनाधीनांसाठी किती खाटा आहेत, औषध कोणते मिळते, हे माहितीच्या अधिकाराखाली लेखी विचारा. उत्तर शून्य आले तर ते शून्य घेऊन आमदाराच्या दारी जा.

कोणी म्हणेल की, समाजापुढे शिक्षणाचे, नोकरीचे, अत्याचाराचे एवढे मोठे प्रश्न असताना व्यसनींची वकिली कशासाठी? आमचे उत्तर असे की, ज्या घरातील तरुण मुलगा दंड, तुरुंग आणि नशा यांच्या चरकातून फिरतो, त्या घरातील धाकट्या मुलीची शाळा सर्वांत आधी सुटते. तो प्रश्न आणि हा प्रश्न एकाच चुलीपाशी बसलेले आहेत.

संविधानाच्या २१ व्या कलमाने जीविताचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला. त्यात शुद्धीवर असलेली व्यक्ती आणि शुद्ध हरपलेली व्यक्ती असा भेद केलेला नाही. कलम एकोणचाळीस कोणासाठी आहे, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच सरळ आहे. ज्याच्याजवळ खासगी रुग्णालयाचे पैसे आहेत त्याला त्याची फारशी गरज नाही. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याच्याचसाठी ते आहे. ते आजवर आपल्याला कोणी दिले नाही, कारण आपण ते मागितले नाही. यापुढे तारखेला कोर्टात जाताना ते मागायचे, आणि मागताना मान खाली घालायची नाही.